पाय असलेली अक्षरं

परवा नातीच्या लग्नाची पत्रिका छापून आली. नवरदेवाचं नाव जाड अक्षरात, नवरीचं जाड, आमंत्रकांची बारा नावं जाड आणि जेवणाची वेळसुद्धा जाड. मी म्हटलं, अगं बाई, सगळेच एकदम ओरडायला लागले तर माणसानं ऐकायचं कुणाचं? नात हसली. म्हातारीला कशावर तरी बोट ठेवायला हवंच असतं, असं तिला वाटलं असणार. पण आमचे मिस्त्री असते ना, तर त्यांनी ती पत्रिका डोळ्यांजवळ नेली असती, उलटीसुलटी केली असती आणि मला विचारलं असतं, "वैनी, ह्येच्यात हरवलं कोण हाय?"

मिस्त्री म्हणजे मारोतराव पांचाळ. जवळा बाजारचे सुतार. हिंगोलीला आमच्या छापखान्यात ते चौदा-पंधरा वर्षं होते, निजामाचं राज्य जाईपर्यंत. छापखाना म्हणजे आमच्याच घराची पुढची खोली. तिच्यात पायानं चालवायचं एक ट्रेडल, एक दगडी टेबल आणि झिजून गुळगुळीत झालेले खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं. माझं माहेर वाशीमचं, निजामाच्या सरहद्दीपलीकडचं, इंग्रजांच्या मुलखातलं. तिकडं मराठी शाळा होती, मी चार इयत्ता शिकले होते, म्हणून लग्न झाल्यावर प्रुफं वाचायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आमच्या यजमानांना चुका दिसायच्याच नाहीत. त्यांना फक्त शाई दिसायची.

हे एकदा हैदराबादेहून बंद पडलेल्या कुठल्याशा छापखान्याचं सामान घेऊन आले. त्यात एक पेटी निघाली इंग्रजी लाकडी अक्षरांची. एकेक अक्षर वीतभर. मी दोन दिवस बडबडत होते, की हिंगोलीत इंग्रजी पोस्टर छापायला लाटसाहेब येणार आहे का? शेवटी ती पेटी दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून दाराशी टेकवून ठेवली. त्याच आठवड्यात खिळ्यांचे कप्पे ठेवायच्या घोडीचा पाय मोडला आणि तो बसवायला मिस्त्री आले.

पाय बसवून झाला, पण माणूस काही उठेना. त्या पेटीपुढं उकिडवे बसून एकेक अक्षर हातात घेत होते. इंग्रजीचा गंध नाही, मराठीही अक्षरओळखीपुरतंच. पण बोट फिरवत होते ते असं, की एखादा बैल पारखावा.

"मालक, हे दाराशी काहून टाकलंय?"

"मग काय डोक्यावर घेऊ?" यजमान म्हणाले.

"ह्याला पाय हायत," मिस्त्री म्हणाले. "हे बघा. खाली चौकोनी ठोकळा, वरी चौकोनी ठोकळा. अंग सगळं एका जाडीचं. ढकललं तरी पडायचं न्हाई. ठेसनावर सरकीच्या, रुईच्या गठाणीवर असलंच अक्षर ऱ्हातंय. गठाण फाटंल पण अक्षर पुसत न्हाई."

आणि मग त्यांनी आमच्या मराठी खिळ्यांतला एक उचलला आणि यजमानांच्या डोळ्यांपुढं धरला. त्याचे बारीक शेंडे झिजून गेले होते. आमचा कागद हलका, शाई पातळ, भिंती शेणामातीच्या. नाजूक अक्षर त्या भिंतीवर दोन दिवसांत नाहीसं व्हायचं. "ह्यो वाऱ्यानं हालतोय," एवढंच मिस्त्री म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले आणि येतच राहिले.

औंढ्याच्या रानातून ते हळदूचं पिवळं लाकूड आणायचे. सागाला रेघा असतात आणि शाई लावली की त्या रेघा कागदावर उमटतात. हळदूला रेघ नाही. कापून, वाळवून, जवसाच्या तेलात मुरवून मग पटाशी लागायची. प्रत्येक अक्षराच्या कान्याला त्यांनी खाली चौकोनी पाय दिला. वरची रेघ कान्याइतकीच जाड. वेलांटीची मानसुद्धा त्यांनी बारीक होऊ दिली नाही. मराठी अक्षराला असे पाय तेव्हा मी तरी कुठं पाहिले नव्हते, आणि पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला मुळीच आवडलं नाही. मी म्हटलं, हे काय, अक्षरांनी बूट घातलेत. मिस्त्री रागावले नाहीत. म्हणाले, "लांब जायचं हाय त्यान्ला."

परीक्षा घ्यायची त्यांची रीत निराळीच. प्रूफ काढून समोरच्या भिंतीला चिकटवायचे आणि रस्त्यापलीकडं लिंबाखाली जाऊन उभे राहायचे. तेवढ्यानं समाधान नाही. तांड्यावरची सोमली सरपणाची मोळी घेऊन बाजारात यायची, तिला थांबवायचे. तिला अक्षर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं.

"सोमले, ह्येच्यात जुळी कोणती दिसतात तुला?"

सोमली डोक्यावरची मोळी न उतरवता बघायची आणि म्हणायची, "ह्ये अन् ह्ये भाऊ-भाऊ." घ आणि ध. झालं. मिस्त्री दोन्ही अक्षरं मोडून चुलीत घालायचे आणि नव्यानं कोरायला बसायचे. मी म्हणायची, अहो, वाचणाऱ्याला कळतंय ना. तर म्हणायचे, "वाचणाऱ्याला तर पातळ बी कळतंय. न वाचणाऱ्याची नदर अडली पाहिजे. अडली म्हंजी मंग तो इचारतोच कुणाला तरी."

असे प्रत्येक अक्षराचे दोन-दोन, आणि जास्त लागणाऱ्यांचे चार-चार नग झाले. छ तेवढा राहिला. छ म्हणजे नुसती वळणं. जाड ठेवावा तर पोटं बुजतात, पोटं मोकळी करावीत तर लाकूड चिरतं. मिस्त्री टाळाटाळ करत होते. पण त्यांचा एकुलता एक मुलगा छगन. त्याची आई तो तीन वर्षांचा असताना गेली होती, आणि पोर आमच्याच अंगणात वाढलेलं. त्यानं धोसरा लावला, "दादा, माझं अक्षर कवा?" तीन छ कोरता कोरता फुटले. चौथा टिकला. मिस्त्रींनी तो छगनच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "आता दुसरा मागू नगं." तो एकच छ आमच्याकडं होता.

त्या अक्षरांनी आमचा छापखाना चालला. बाजाराचा वार बदलला, कापसाचं जिन चालू झालं, नाटक कंपनी आली, सगळं त्या अक्षरांत. हैजा, म्हणजे पटकी, आली त्या वर्षी अमीनसाहेबांनी विहिरीचं पाणी उकळून पिण्याची नोटीस आमच्याकडून छापून घेतली. अमीन म्हणजे तिथला पोलीस अधिकारी. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं, पण नोटीस हातात घेऊन ते म्हणाले होते, "मिस्त्री, पढ़ना नहीं आता, फिर भी सुनाई देता है." मिस्त्रींनी ते वाक्य आम्हाला पुढं कितीतरी वेळा ऐकवलं.

पण सगळ्यांत जास्त छापलं जायचं ते हरवलेल्या जनावरांचं. बैल, गाय, म्हैस, बाजारातून दर आठवड्याला काहीतरी हरवायचंच. "हरवला आहे" ही ओळ मिस्त्री सुतळीनं बांधून तयारच ठेवायचे. बैलवाला ओट्यावर बसायचा आणि मिस्त्री त्याला विचारायचे. शिंगं कशी, वशिंड कसं, कुणी जवळ गेलं तर मारतो का, नावानं हाक मारली तर बघतो का. अर्धं काही छापायचं नसायचं. तरी विचारायचे. वर हरवला आहे आणि बैलाचं नाव जाडात, बाकी मजकूर मधल्या आकाराच्या खिळ्यांत. आणि बैल सापडला की मालकानं येऊन सांगायचं, हा त्यांचा नेम. मग मिस्त्री स्वतः जाऊन भिंतीवरचं पोस्टर काढून आणायचे. "सापडल्यावर हाक तशीच लटकत ठेवायची न्हाई," म्हणायचे. सरहद्दीवरच्या कनेरगाव नाक्यापर्यंत पायी गेले आहेत एका खिल्लारी बैलाचं पोस्टर काढायला. मी त्यांना वेड्यात काढलं होतं.

मेलेल्या माणसाला मात्र जाड अक्षर नाही. तेराव्याची पत्रं पातळ खिळ्यांतच निघायची. एकदा एक मोठे जमीनदार आले. वडील वारले होते, त्यांचं नाव सगळ्यांत मोठ्या ठशात पाहिजे म्हणाले. मिस्त्रींनी सरळ नाही म्हणून सांगितलं. जमीनदार लालबुंद. यजमान मध्ये पडून मिस्त्रींना गप्प करायला बघत होते.

मिस्त्री म्हणाले, "पाटील, जाड अक्षर हाक मारायला असतंय. जो ऐकंल त्याला हाक मारावी. म्हाताऱ्यानं लई कष्ट काढले, आता झोपलाय. त्याला हाका मारून तकलीफ काहून द्यायची?"

तो एवढा मोठा माणूस ओट्यावर बसला आणि पोरासारखा रडला. पत्र पातळ खिळ्यांत निघालं.

मग इंग्रज गेले. वाशीमला माझ्या भावानं घरावर झेंडा लावला आणि हिंगोलीत आम्ही दार लावून बसलो. आमच्याकडं निजामच होता. सरहद्दीपलीकडं निजामाविरुद्ध लढणाऱ्या पोरांचे कॅम्प पडले. छगन तेव्हा वीस-एकवीस वर्षांचा, ट्रेडल चालवायचा, उंच, कमी बोलणारा. एक दिवस तो कामावर आला नाही. मिस्त्री म्हणाले, जवळ्याला गेलाय. आठ दिवसांनी मी अक्षरांची पेटी उघडली तर निम्मी रिकामी.

"मिस्त्री, हे काय?"

ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "जोडीतलं एकेक घेऊन गेलंय पोरगं. मला इचारलं असतं तर मीच बांधून दिली असती." मग पेटीत हात घालून त्यांनी तो छ बाहेर काढला. "ह्यो ठेवून गेला. माझ्यासाठी ठेवला म्हणावं, का इसरला?"

मला काय माहीत. मी म्हटलं, तुमच्यासाठीच ठेवला. ते मान हलवत राहिले.

महिन्याभरानं धान्याच्या बाजारात भिंतीवर निजामाविरुद्धचं पहिलं पोस्टर लागलं. मिस्त्री सकाळी धापा टाकत आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी आले. एरवी ते कधी तिथं यायचे नाहीत. "वैनी, र-चा पाय बघितला. उजव्या अंगाला टवका गेलेला हाय. माझाच र हाय. पोरगं खुशाल हाय." पोस्टरात काय लिहिलंय ते त्यांनी वाचलंच नव्हतं. त्यानंतर ते दर बाजाराला भिंती बघत हिंडायचे. शिपायांनी फाडलेलं असलं तरी एखादा तुकडा राहिलेला असायचा, तेवढा त्यांना पुरायचा. नवं पोस्टर म्हणजे छगनची खुशाली. बापाला पोस्टकार्ड टाकता येत नव्हतं, म्हणून त्या पोरानं साऱ्या हिंगोलीच्या भिंतीवर ते टाकलं, असं मला तेव्हा वाटायचं.

पण जे मिस्त्रींना ओळखू आलं ते दुसऱ्यांनाही येणारच ना. एक दिवस अमीनसाहेब एकटेच आले. खुर्चीवर बसले, चहा घेतला आणि घडी घातलेलं पोस्टर टेबलावर पसरलं.

"मिस्त्री, ये पाँव तुम्हारे हैं."

"अक्षरं सगळ्या मुलखात सारखीच असतात, साहेब."

"ऐसे पाँव कहीं नहीं होते." ते कपाळावरचा घाम पुसत होते. यजमानांकडं वळून म्हणाले, "कल तलाशी है. मैं आज यहाँ आया ही नहीं. समझे?" आणि निघून गेले.

त्या माणसाला मी कधी वाईट म्हणणार नाही.

सकाळी, शिपाई झडतीला यायच्या आधी, मिस्त्रींनी पेटी उचलून मागच्या अंगणात आणली. तिथं आमचा आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब होता. एक अक्षर सापडलं असतं तरी यजमान तुरुंगात आणि छापखान्याला कुलूप. दुसरा इलाजच नव्हता. मिस्त्री पेटी माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "वैनी, तुमी घाला. माझ्या हातानं न्हाई व्हायचं." आणि भिंतीकडं तोंड करून बसले.

मी घातली. मूठ भरभरून घातली. तेलानं मुरलेलं लाकूड ते, भडाभडा पेटत होतं. दाराशी टेकवलेल्या पेटीतली इंग्रजीही घातली, कारण पाय तेच होते. शेवटी हाताला छ लागला. खोटं बोलणार नाही, मी तो ओळखला. पदरात बांधून ठेवावा असं मनात आलं. मिस्त्रींची पाठ होती, त्यांना कळलंही नसतं. मग शिपाई माझ्या यजमानांना धरून नेतायत असं डोळ्यांपुढं आलं आणि मी तो बंबात टाकला. त्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी कढत पाण्यानं आंघोळ केली. तलाशीत काही सापडलं नाही.

पोस्टरं त्यानंतरही येत राहिली. उन्हाळ्यात कधीतरी थांबली. मिस्त्री तरीही भिंती बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, अगदी नाक टेकवून बघायचे. लोकांना वाटायचं, म्हातारा भिंतीचा वास घेतोय.

मग पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला. गावात गुलाल उडाला, आम्हीही उडवला. पंधरा-वीस दिवसांनी कॅम्पातला एक माणूस खांद्यावर गोणपाटाची पिशवी घेऊन आमच्या दाराशी आला. पिशवीत अक्षरं होती, शाईनं काळीकुट्ट झालेली. छगनची पिशवी.

तो म्हणाला, छगन दोघांना घेऊन नाक्याकडं पोस्टरं लावायला गेला होता. रानात शिपाई दिसले तशी तिघांनी तीन वाटा धरल्या. दोघं परत आले. तो आला नाही. त्याला होऊन चार महिने झाले, आता तो गेलाच म्हणायचं.

मिस्त्री उभेच होते. त्यांनी विचारलं, "बार ऐकू आला का?"

"न्हाई."

"कोणी पडलेला बघितला?"

"न्हाई, बाबा. काहीच न्हाई."

"मंग गेला काहून म्हणता," मिस्त्री म्हणाले. "हरवला म्हणा."

त्यांनी पिशवी दगडी टेबलावर ओतली आणि आंधळ्या हातांनी जुळवायला लागले. ह, र, व, ल, त्यांचे काने-मात्रे, सगळं निघालं. "हरवला आहे" ही ओळ पुरी झाली. त्याखाली नावासाठी ग मिळाला, न मिळाला. मग त्यांचे हात थांबले.

यजमान हळूच म्हणाले, "मिस्त्री, नाव आपण खिळ्यांत घेऊ. पातळ आहे, पण छ आहे त्यात."

"न्हाई."

एवढंच. तीन-चार दिवस ते मागच्या अंगणात बसून छ कोरत होते. लाकूड तेच, पटाशी तीच. डोळे नव्हते. प्रत्येक वेळी वळणावर चिरायचा. मला ते बघवेना. शेवटी मी त्यांच्यापुढं जाऊन बसले आणि म्हटलं, "मिस्त्री, तुमचा छ माझ्या हाताला लागला होता. मी ओळखला होता. तरी टाकला."

त्यांनी पटाशी खाली ठेवली. "म्हाईत हाय वैनी. दुसऱ्या दिशी राखंत मी हुडकला." मग माझी समजूत काढत म्हणाले, "तुमचं बराबर होतं. मालकाला नेलं असतं."

त्यांनी मला दोन शब्द सुनावायला पाहिजे होते. नाही सुनावले. ते माझ्या मनाला अजून लागून राहिलं आहे.

पोस्टर तसंच निघालं. वर हरवला आहे. खाली एका अक्षराची जागा मोकळी, आणि पुढं गन. त्याखाली मधल्या खिळ्यांत, वय एकवीस, उंच, डाव्या भुवईवर खोक, कमी बोलतो, नावानं हाक मारली तर बघतो. यजमान ती मोकळी जागा भरायला काहीतरी फुली, चांदणी टाकू म्हणत होते. मिस्त्री म्हणाले, "जागा ठेवा. आला म्हंजी त्याच्या म्होरं बसून कोरीन."

पोस्टरांचा गठ्ठा काखेत घेऊन ते निघून गेले. म्हणाले, बाजार-बाजार करतो.

दिवाळीला मी माहेरी निघाले. बैलगाडी कनेरगाव नाक्याला आली. आता तिथं कुणी अडवणारं नव्हतं, नाक्याची खोली उघडी पडली होती, दारात शेळ्या बसल्या होत्या. त्याच खोलीच्या भिंतीला ते पोस्टर होतं. मला ते लांबून, पार वळणावरूनच दिसलं. त्याच्या बाजूला मिस्त्री उभे होते, डोक्याला पांढरं फडकं, हातात काठी. आमच्या ओट्यावर बसणारा बैलवाला जसा सांगायला आतुर असायचा, तसेच. वाशीमकडून येणारी दोन माणसं थांबली. त्यांतल्या एकानं मोठ्यानं वाचलं, "हरवला आहे," आणि पुढं अडला. म्हणाला, "हे काय नाव हाय, बाबा? पयलं अक्षर कुठाय?"

मिस्त्रींनी तळहात त्या मोकळ्या जागेवर ठेवला. "छगन," ते म्हणाले. "छगन मारोती पांचाळ. तुमी बघितला का?"

माणसांनी माना हलवल्या आणि ती पुढं गेली. मी गाडी थांबवायला सांगितलं नाही. त्यांना तर एवढ्यावरून मी दिसतही नव्हते. आमच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज ऐकून त्यांनी तोंड आमच्याकडं वळवलं, हात त्या जागेवर तसाच ठेवला आणि मलाही तेच विचारलं.